हजार किलोंची वेस : माझदा एमएक्स-५च्या चार पिढ्या

कोणत्याही मोटारीच्या दोन-चार पिढ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर पुढची पिढी मागचीपेक्षा लांब, रुंद आणि जड असते, आणि हे इतके सर्रास आढळते की त्याचे कोणाला नवलही वाटत नाही. ग्राहकाला जागा हवी असते, कायद्याला एअरबॅग आणि मजबूत दारे हवी असतात, विक्री विभागाला जाहिरातीत मागच्यापेक्षा मोठा आकडा हवा असतो, आणि या तिघांचे समाधान करता करता गाडीच्या अंगावर शे-दोनशे किलो चढतात. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे चढते वजन अधिक खटकते, कारण ते भरून काढायला मोठे इंजिन लागते, मोठ्या इंजिनाला मोठे ब्रेक आणि रुंद टायर लागतात, आणि त्या सगळ्याचा भार पेलायला सांगाडा पुन्हा जाड करावा लागतो. माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची उघडी गाडी मला इतर जपानी स्पोर्ट्स कारपेक्षा जास्त अभ्यासण्याजोगी वाटते ती यामुळेच. तिच्या चारही पिढ्या याच दुष्टचक्राशी झगडल्या आहेत. पहिलीने ते सुरूच होऊ दिले नाही, दुसरीने त्याला थोपवून धरले, तिसरी त्यात काहीशी अडकली आणि चौथी त्यातून चक्क मागे फिरली. निसान जीटी-आर आणि टोयोटा सुप्रा यांच्या चाहत्यांचा रोष पत्करून सांगतो, त्या गाड्यांचा इतिहास अधिक थरारक असेल, पण इतका हट्टी खचित नाही.

या गाडीला युरोपात एमएक्स-५ म्हणतात, उत्तर अमेरिकेत मियाटा म्हणतात आणि खुद्द जपानात रोडस्टर म्हणतात. चाहत्यांमध्ये मात्र पिढ्यांची ओळख कारखान्यातल्या संकेताक्षरांनीच पटते : १९८९ची एनए, १९९८ची एनबी, २००५ची एनसी आणि २०१५पासून आजपर्यंत चालू असलेली एनडी. या लेखातही मी तीच नावे वापरणार आहे.

जन्मकथा बहुतेकांना ऐकून ठाऊक असते, तरी ती थोडी तपशिलात सांगण्यासारखी आहे. जपानी भाषा येणारा अमेरिकन मोटार-पत्रकार बॉब हॉल १९७९ साली माझदाच्या संशोधन विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो यांना भेटला होता. माझदाने पुढे काय करावे असे यामामोतोंनी विचारले, तेव्हा साधी, हलकी, छप्पर नसलेली, जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या वळणाची स्पोर्ट्स कार कोणीच बनवत नाही, ती तुम्ही बनवा, असे उत्तर हॉलने दिले. त्याच्या बोलण्यात तथ्य होते. वर्षभरात, म्हणजे १९८० साली, एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर या दोन्हींचे उत्पादन बंद पडले, आणि हौशी लोकांना परवडणारी उघडी गाडी हा प्रकारच नामशेष होण्याच्या बेतात आला. लोकांना त्या गाड्या नकोशा झाल्या होत्या असे मुळीच नव्हते. त्या तेल गळत, पावसात बंद पडत, त्यांची वायरिंग बेभरवशाची असे, आणि त्यांच्या कारखान्यांकडे नवी आवृत्ती काढण्याइतका पैसा उरला नव्हता. मागणी जागच्या जागी होती, पुरवठादार मात्र निघून गेले होते.

हॉल १९८१ साली माझदाच्या कॅलिफोर्नियातील कार्यालयात नोकरीला लागला. यामामोतो हे मुळात रोटरी इंजिनाचे, म्हणजे पिस्टनऐवजी गोल फिरणाऱ्या रोटरवर चालणाऱ्या इंजिनाचे माणूस. माझदाला रोटरी इंजिन यशस्वी करून दाखवणाऱ्या अभियंत्यांचे ते नेते होते, त्यामुळे साध्या पिस्टन इंजिनाच्या छोट्या गाडीचे त्यांना कौतुक वाटेलच असे नव्हते. त्यांना जपानमधील हाकोनेच्या डोंगराळ वळणांवर एक ट्रायम्फ स्पिटफायर चालवायला देण्यात आली, आणि ती चालवून आल्यावर अशा गाडीत काय गंमत असते हे त्यांना उमगले. पुढे १९८४ साली यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि या प्रकल्पाला वरून छत्र मिळाले.

दरम्यान टोकियो आणि कॅलिफोर्निया येथील रचनाकारांमध्ये कंपनीने एक अंतर्गत स्पर्धा लावली होती. टोकियोच्या चमूने दोन पर्याय मांडले, एक पुढे इंजिन आणि पुढच्याच चाकांना ताकद देणारा, दुसरा मध्यभागी इंजिन असलेला. दोन्ही त्या काळाला धरून होते. टोयोटाची एमआर-२ नुकतीच मध्यभागी इंजिन घेऊन आली होती आणि छोट्या गाड्यांमध्ये फ्रंट-व्हील ड्राइव्हचे राज्य सुरू झाले होते. कॅलिफोर्नियाच्या चमूने मात्र पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि वर कापडी छप्पर अशी जुनी मांडणी धरून ठेवली. त्या आराखड्यावरून ब्रिटनमधील आयएडी या संस्थेने एक चालता नमुना तयार केला, आणि १९८५ साली तो कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे रस्त्यावर उतरवला, तेव्हा ही गाडी कुठली आणि कुठे मिळते हे विचारायला लोक मागे लागले. बाजारपेठेचा इतका स्वस्त आणि इतका बोलका अंदाज फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आला असेल.

प्रकल्पप्रमुख म्हणून तोशिहिको हिराई यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांनी साऱ्या कामाला ‘जिनबा इत्ताई’ हे एकच सूत्र लावले. घोडा आणि स्वार यांचे एकरूप होणे, धावता धावता बाण सोडणाऱ्या धनुर्धराला आपला घोडा वेगळा जाणवू नये, असा त्याचा भाव आहे. अशी सूत्रे सगळ्याच कंपन्या भिंतीवर टांगतात. एनएचा खालचा भाग निरखला, तर इथे ते धातूत उतरलेले दिसते.

त्यासाठी गाडीखाली वाकून पाहावे लागते. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे रबरी आधारांवर बसलेले असतात, डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी, मागे आपल्या वेगळ्या रबरी आधारांवर असतो, आणि दोघांमध्ये फक्त फिरता दांडा असतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियल आधी आपल्या रबरावर किंचित कलतो, इंजिन आपल्या रबरावर किंचित मागे-पुढे होते, आणि ही सैल हालचाल संपल्यानंतर चाक जोर घेते. हा क्षण अगदी छोटा असतो, पण पायाला तो कळतो. माझदाने गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब, भोके पाडलेली तुळई बसवली आणि तिला पॉवर प्लांट फ्रेम हे नाव दिले. त्यामुळे पुढच्या इंजिनापासून मागच्या डिफरन्शियलपर्यंतचा सगळा ऐवज एकसंध झाला, आणि पाय दाबला की ती ढकल विनाविलंब पाठीला जाणवू लागली. ही तुळई चारही पिढ्यांमध्ये आहे. बाहेरचे सगळे बदलले, नावे बदलली, इंजिने बदलली, ही मात्र टिकली, आणि या गाडीचे खरे वंशचिन्ह मी हिलाच मानतो.

बाकीच्या गोष्टीही याच काटेकोरपणाने ठरल्या. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर आणि खाली अशा दोन त्रिकोणी दांड्यांनी धरणारे) दिले, जे त्या किमतीच्या गाड्यांत सहसा दिसत नसे. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे केले. पुढच्या आणि मागच्या चाकांवर सारखा भार पडावा म्हणून बॅटरी पुढून उचलून डिकीत नेली. इंजिन मात्र नवे बनवले नाही. कंपनीच्या साध्या घरगुती गाड्यांत वापरले जाणारे १.६ लिटरचे इंजिन घेऊन ते उभे बसवले आणि वरच्या फेऱ्यांत खुलेल असे घडवले. अमेरिकी आवृत्तीत ते ११६ अश्वशक्ती देत असे, जपानी आवृत्तीत १२० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), आणि जपानी गाडीचे वजन साधारण ९४० किलो होते. सरळ रस्त्यावर त्या काळच्या कितीतरी साध्या हॅचबॅक तिला मागे टाकत, आणि त्याचे कोणालाही वैषम्य वाटले नाही.

बाह्य रूपाला शेवटचा हात माझदाच्या मुख्यालयी, हिरोशिमात, शुंजी तनाका यांनी दिला. जपानच्या नोह नाट्यातील मुखवटा जसा प्रकाशाचा कोन बदलताच भाव बदलतो, तसे या गाडीच्या पत्र्यावर उजेड आणि सावली यांनी भाव उमटवावेत, अशी त्यांची कल्पना होती. म्हणूनच एनएच्या अंगावर एकही धारदार रेघ नाही. तरी ती आळशी दिसत नाही. वर उघडणारे हेडलाइट हे तिचे सर्वांत प्रिय वैशिष्ट्य. ते हौसेपोटी जितके आले, तितकेच नियमांपोटी आले, कारण अमेरिकेत हेडलाइट जमिनीपासून ठरावीक उंचीवर असणे बंधनकारक होते आणि इतके बसके नाक ठेवायचे तर दिवे वर उचलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती जगापुढे आली, अमेरिकेत तिची मूळ किंमत १३,८०० डॉलर ठेवण्यात आली, आणि त्याच वर्षी जपानात ती युनोस रोडस्टर या नावाने विक्रीस आली. योगायोग असा, की एनए घडवताना मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या ज्या जुन्या ब्रिटिश लोटस इलॅनचा बराच विचार झाला होता, तिची नवी आवृत्ती लोटसनेही त्याच वर्षी काढली, आणि तिने फ्रंट-व्हील ड्राइव्ह स्वीकारला होता. म्हणजे जुन्या इलॅनचा वारसा हिरोशिमाने सांभाळला आणि ब्रिटनने सोडला, असे म्हणण्यास जागा आहे.

एनएमध्ये शेजारच्या आसनावर बसून फिरण्याचा योग मला आला आहे. दार बंद केल्यावर खांदा दाराला टेकतो, गिअरचा दांडा इतका आखूड आहे की तो हलवताना चालकाचे कोपर जागचे हलत नाही, फक्त मनगट फिरते. छप्पर मागे टाकायचे तर आधी मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन उघडावी लागते, नाहीतर तिला सुरकुत्या पडतात. मग समोरच्या काचेच्या दोन्ही टोकांचे खटके सोडायचे आणि बसल्या जागेवरून एका हाताने कापड मागे लोटायचे. मोटर नाही, बटण नाही. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये ऑइलचा दाब दाखवणारा काटा खरोखर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वर-खाली होत असे. पुढे मालक घाबरू नयेत म्हणून तो बदलला आणि दाब आहे की नाही एवढेच सांगू लागला. मला हा बदल आजही पटत नाही.

१९९३ साली १.८ लिटरचे इंजिन आले, सांगाड्याला जादा आधार मिळाले, आणि वजनही अर्थातच वाढले. पण त्याहून मोठी घडामोड बाहेर चालू होती. एनएने रिकामे पडलेले घर पुन्हा वसवल्यावर शेजारी जमू लागले : बीएमडब्ल्यूची झेड-३, एमजीएफ, फियाट बार्केटा, मर्सिडीझ एसएलके, पोर्शे बॉक्स्टर, लोटस इलीझ. एका जपानी कंपनीच्या स्वस्त गाडीने युरोपातल्या नामांकित कारखान्यांना आपलाच जुना धंदा आठवून दिला, हे एनएचे श्रेय मला तिच्या विक्रीपेक्षाही मोठे वाटते.

एनबीविषयी लिहिण्यासारखे कमी आहे, आणि हा तिचा दोष नव्हे. ऑक्टोबर १९९७मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा लोकांनी प्रथम पाहिले ते हेडलाइट, जे आता पक्के बसवलेले होते. वर उघडणारे दिवे म्हणजे दोन मोटरी, सांधे आणि झाकणे यांचे नाकाच्या टोकावरचे वजन, आणि वळणाच्या गाडीत वजन ठेवायला त्याहून वाईट जागा नाही. त्यामुळे हा निर्णय अभियंत्यांच्या दृष्टीने निखालस बरोबर होता, चाहत्यांनी तो आजतागायत माफ केलेला नाही. मागची प्लॅस्टिकची खिडकी गेली आणि तिथे गरम होणारी काच आली. प्रकल्पप्रमुखपदी ताकाओ किजिमा आले. १९९९च्या दशकपूर्ती आवृत्तीत सहा गिअर मिळाले. सांगाडा मात्र बव्हंशी एनएचाच होता, इतका की एनएसाठी वेगळे मिळणारे कडक छप्पर एनबीवरही बसते. म्हणून एनबीला एनएची सुधारलेली प्रत म्हणून हिणवण्याची पद्धत आहे. मी तिला त्याच कारणासाठी मान देतो. वजन फारसे वाढू न देता आठ-नऊ वर्षांत कळलेल्या चुका दुरुस्त करणे हे नवी गाडी काढण्यापेक्षा कमी दिखाऊ आणि अनेकदा जास्त कठीण काम असते.

याच पिढीत एक नामुष्कीही झाली. अमेरिकेत २००१च्या गाडीची ताकद आधी १५५ अश्वशक्ती जाहीर झाली आणि नंतर ती १४२ असल्याचे कबूल करावे लागले. ज्यांना फसवणूक वाटली त्यांच्याकडून गाडी परत घेण्याची तयारी कंपनीने दाखवली. ज्या गाडीची सारी ख्याती ताकदीवाचून मिळालेली, तिलाच ताकदीचा आकडा नडावा, हे मौजेचेच. त्याच सुमारास, म्हणजे मे २०००मध्ये, ५,३१,८९० गाड्यांसह जगातील सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून तिची गिनीज नोंद झाली होती. नंतर २००४ साली टर्बो बसवलेली माझदास्पीड आवृत्ती निघाली, अमेरिकेत १७८ अश्वशक्तीची. ती वेगवान होती, आणि तिच्यामागे मोठी रांग लागली नाही.

वादाची पिढी तिसरी, एनसी. २००५ साली जिनिव्हात दाखवलेल्या या गाडीसाठी प्रथमच सांगाडा मुळापासून नवा आखला गेला. माझदाची सूत्रे तेव्हा फोर्डच्या प्रभावाखाली होती, खर्चावर बारीक नजर होती, आणि छोट्या खपाच्या गाडीसाठी सर्वस्वी वेगळे भाग बनवणे परवडणारे नव्हते. त्यामुळे आरएक्स-८ या रोटरी गाडीबरोबर बरीच सामग्री वाटून घ्यावी लागली. आरएक्स-८ चार माणसांची, अधिक ताकदीची. तिच्या मापाच्या हाडांवर छोटी गाडी बेतायची म्हणजे अंगाने भरणे आलेच. वजन अकराशे किलोंच्या आसपास गेले, चाके पाच नटांची झाली, मागे डबल विशबोनऐवजी मल्टिलिंक सस्पेन्शन आले, इंजिन १.८ किंवा २ लिटरचे झाले. चाकाच्या कमानी फुगल्या, आणि कमान व टायर यांतली फट डोळ्यांत भरू लागली.

टीकाकार इथेच थांबतात. त्या गाडीच्या आत जे चालले होते, ते त्यांच्या नजरेतून निसटते. किजिमा यांनी या पिढीसाठी ग्रॅमचे धोरण म्हणून ओळखली जाणारी पद्धत लावली होती. किलो वाचवण्याच्या मोठ्या संधी फार थोड्या असतात, आणि त्या शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक भागातून मिळतील तितके ग्रॅम काढायचे, मग तो आतला आरसा का असेना; आरशाची रचना बदलून त्याचेही वजन खरोखरच कमी केले गेले. सुरक्षेचे नियम एनबीच्या काळापेक्षा कितीतरी कडक झालेले, सांगाडा वाटणीतला, सोयींच्या अपेक्षा वाढलेल्या, आणि तरीही गाडी १,३०० किलोंवर गेली नाही, याला मी पराभव म्हणणार नाही. २००५-०६चा जपानचा कार ऑफ द इयर सन्मान तिला मिळाला, तो काही उगाच नव्हे.

एनसीची दुसरी करामत म्हणजे २००६ साली आलेले विजेवर चालणारे कडक छप्पर. सुमारे १२ सेकंदांत ते तीन तुकड्यांत दुमडून आसनांमागे गडप होते, आणि डिकीतली जागा तितकीच राहते, कारण ते ज्या खाचेत कापडी छप्पर बसत असे त्याच खाचेत बसते. इतर कंपन्यांच्या अशा छपरांनी डिकी पार गिळून टाकल्याच्या काळात हे काम नजरेत भरण्यासारखे होते. गिऱ्हाइकांनाही ते आवडले. मला स्वतःला मात्र तिथे या गाडीचा सूर किंचित बदलल्यासारखा वाटतो, कारण बटण दाबून उघडणाऱ्या छपराच्या मागे मोटरी आल्या आणि मोटरींमागे वजन आले. सस्पेन्शनबद्दलची टीका कंपनीने ऐकली होती; २००८ अखेरच्या सुधारणेत पुढचे रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली आणले, इंजिनाला घडीव क्रँकशाफ्ट देऊन त्याची फेऱ्यांची मर्यादा वाढवली. नंतरच्या एनसी चालवायला उत्तम आहेत असे त्या बाळगणारे सांगतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे मला कारण दिसत नाही.

एनसी चालू असतानाच होंडाची एस२००० आणि टोयोटाची एमआर-२ या दोन्ही जपानी प्रतिस्पर्धी मैदानातून बाहेर पडल्या. फोर्डने माझदातला बहुतेक हिस्सा विकला. २००८च्या आर्थिक मंदीने उघड्या गाड्यांचा बाजार आक्रसला. अशा वेळी पुढची पिढी निघणारच नाही, किंवा निघाली तरी मोठी आणि महाग निघेल, असा अंदाज बांधणे स्वाभाविक होते.

सप्टेंबर २०१४मध्ये एनडीवरचा पडदा उठला, आणि २०१५मध्ये विक्री सुरू झाल्यावर जपानी मूळ आवृत्तीचे वजन जाहीर झाले : ९९० किलो. एनसीपेक्षा सुमारे शंभर किलो कमी. लांबी ३,९१५ मिलिमीटर, म्हणजे चारही पिढ्यांत सर्वांत कमी, अगदी एनएपेक्षाही. एअरबॅग, पादचाऱ्याला धडक बसताच वर उचलले जाणारे बॉनेट, स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हे सगळे आत ठेवून २५ वर्षांनंतर ही गाडी पुन्हा हजारच्या वेशीच्या आत आली.

हे कसे जमले याचे उत्तर एखाद्या चमत्कारी धातूत नाही. कार्बन फायबर वापरले नाही, कारण ते वापरले असते तर किंमत वेगळ्याच लोकांच्या हाती गेली असती. प्रकल्पप्रमुख नोबुहिरो यामामोतो हे पूर्वी माझदाच्या ल मां शर्यतीतल्या रोटरी इंजिनावर काम केलेले अभियंते. शर्यतीच्या माणसाला वजनाचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. बॉनेट आणि डिकीचे झाकण यांच्या जोडीला पुढचे मडगार्डही अ‍ॅल्युमिनियमचे झाले. आसनांतल्या स्प्रिंगा जाऊन तिथे ताणलेली जाळी आली, ज्यामुळे आसन हलके झाले आणि माणूस थोडा खालीही बसू लागला. चाकांचे नट पुन्हा चार झाले. हा बदल वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्याचे तर्कशास्त्र सुरेख आहे. गाडी हलकी, म्हणून पाचव्या नटाची गरज नाही. नट चार, म्हणून हब लहान. हब लहान, म्हणून सस्पेन्शनला उचलावे लागणारे वजन कमी. आणि ते कमी, म्हणून सस्पेन्शनचे हातही बारीक चालतात. आरंभी सांगितलेले दुष्टचक्र इथे उलट्या दिशेने फिरवले आहे. इंजिनही त्याच न्यायाने लहान झाले. जपानी कापडी छपराच्या गाडीला १.५ लिटरचे, १३१ पीएसचे इंजिन दिले गेले, तर अमेरिकेत २ लिटरचे १५५ अश्वशक्तीचे.

या दोहोंत मी १.५ लिटरच्या बाजूचा आहे. दोन लिटरचे इंजिन सुरुवातीला ताकद देत असे, पण मिनिटाला ६,८०० फेऱ्यांवर त्याचा दम संपत असे. छोटे इंजिन ७,५०० पर्यंत खुशीने जाई. कंपनीलाही हे डाचत असावे, कारण २०१९च्या आवृत्तीसाठी तिने दोन लिटरचे इंजिन उघडून जवळजवळ नव्याने बांधले. प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमनी आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमनी हलका केला, श्वास घेण्याचे मार्ग मोठे केले, मर्यादा ७,५०० फेऱ्यांवर नेली, आणि अमेरिकी आकडा १८१ अश्वशक्तीवर गेला. किजिमांची ग्रॅम मोजण्याची पद्धत इथे इंजिनाच्या पोटात पोहोचली. एनसीला नावे ठेवणाऱ्यांनी एनडीच्या कौतुकात तिचा वाटा विसरू नये, असे मला वाटते ते याचमुळे.

एनडीचे रूप मासाशी नाकायामा यांनी आखले, आणि पुढे प्रकल्पाची धुराही त्यांच्याकडे आली. एनएचा गोड चेहरा त्यांनी गिरवला नाही. बारीक डोळ्यांची, काहीशी रागीट गाडी त्यांनी काढली, आणि जुन्याची नक्कल करण्याचा मोह टाळला याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. २०१६ साली वर्ल्ड कार ऑफ द इयर आणि वर्ल्ड कार डिझाइन ऑफ द इयर हे दोन्ही सन्मान एकाच वर्षी मिळवणारी ती पहिली गाडी ठरली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये हिरोशिमाच्या उजिना कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. छपराला आता मधोमध एकच खटका आहे. तो सोडून कापड मागे टाकले की क्षणात काम होते, आणि २००६च्या विजेच्या छपरापेक्षा ते झटपट उरकते.

तरीही विजेचे छप्पर हवे असणाऱ्यांसाठी एनडीची आरएफ ही आवृत्ती आली, जिच्यात डोक्यावरचा भाग १३ सेकंदांत सरकतो पण मागचे उतरते खांब जागीच राहतात. पार्किंगमध्ये उभी असताना ही चारही पिढ्यांतली सर्वांत देखणी गाडी आहे. तिच्यासाठी मोजावे लागणारे जादा किलो मात्र मला जाचतात. फियाटने याच सांगाड्यावर आपले टर्बो इंजिन घालून १२४ स्पायडर काढली, जी हिरोशिमातच तयार होत असे; ज्या इटालियन आणि ब्रिटिश गाड्यांच्या आठवणीतून एनए जन्मली, त्यातलेच एक नाव शेवटी तिच्याच कारखान्यात येऊन उभे राहिले. २०२०पर्यंत ती बंदही झाली.

वजन न वाढवता गाडी सुधारण्याचा सर्वांत हुशार प्रकार २०२१ अखेरीस जपानात दाखवला गेला. भरधाव वळण घेताना गाडीचा आतल्या बाजूचा मागचा कोपरा वर उचलला जातो. मागच्या दोन चाकांच्या वेगातला फरक पाहून, आतल्या मागच्या चाकाला ब्रेकचा अगदी हलका स्पर्श द्यायचा, म्हणजे सस्पेन्शनच्या रचनेमुळे तो कोपरा खाली ओढला जातो आणि गाडी वळणात सपाट राहते. यासाठी एकही नवा भाग लागला नाही; ब्रेक होतेच, वेग मोजणारे सेन्सर होतेच, फक्त त्यांना नवी आज्ञा शिकवली गेली. त्याच वेळी खास जपानसाठी ९९०एस ही आवृत्ती निघाली, जिचे नावच तिचे वजन होते : हलकी घडीव चाके, साधे अंतरंग, १.५ लिटरचे इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर. मला एकच एमएक्स-५ निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. जुन्याची ओढ असणाऱ्यांची सोयही कंपनीने केली आहे; २०१७ पासून तिने एनएच्या पुनर्बांधणीची सेवा सुरू केली आणि कापडी छप्पर, लाकडी स्टिअरिंग, इतकेच काय, त्या काळच्या नक्षीचे टायरदेखील नव्याने बनवून घेतले.

२०२३च्या शरद ऋतूत मात्र दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. मोटारींच्या सायबर सुरक्षेचे नवे नियम लागू होत असल्याने एनडीची सारी इलेक्ट्रॉनिक मांडणी बदलावी लागली, तिच्याबरोबर मोठा पडदा आणि चालकाला सावध करणाऱ्या आणखी यंत्रणा आल्या, ९९०एस बंद झाली, आणि जपानी मूळ आवृत्तीचे वजन १,०१० किलोंवर गेले. त्याच ऑक्टोबरमध्ये टोकियोत माझदाने आयकॉनिक एसपी ही संकल्पना गाडी मांडली : उघडणारे दिवे, दोन रोटरांचे इंजिन फक्त वीज निर्माण करण्यासाठी, ३७० पीएस ताकद आणि १,४५० किलो वजन. ती एमएक्स-५ची वारसदार आहे असे कंपनीने म्हटलेले नाही, पण तिच्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाने मनातल्या मनात तो हिशोब मांडला. देखणी आहे यात वाद नाही. एनडीपेक्षा ४४० किलोंनी जड गाडीला हाकोनेच्या वळणांवर काय करता येईल, हे त्या ३७० पीएसच्या आकड्यावरून मला तरी समजत नाही, आणि पाचव्या पिढीची घोषणा होईल तेव्हा मी सर्वांत आधी वजनाचाच रकाना उघडणार आहे.